पीएच.डी.चे पहिले वर्ष: कौशल्यांवर खर्च किती, आणि कुठे खिसा आवळायचा

नोंदणीचे पत्र हातात पडते त्याच आठवड्यात मोबाइलवर संदेश यायला लागतात. सात दिवसांची संशोधन पद्धती कार्यशाळा, फी ९९९, ई-प्रमाणपत्रासह. पेपर ४८ तासांत छापून मिळेल. प्लेजरिझम रिपोर्ट ३०० रुपयांत. थांबा. यातल्या कशालाही पैसे पाठवण्याआधी पुढचे वाचा.

आधी हिशेब. महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठात नुकतीच नोंदणी झाली असेल, तर पहिल्या वर्षी कौशल्यांवरचा तुमचा खर्च दहा हजार रुपयांच्या आत बसतो. विद्यापीठाची वार्षिक फी यात धरलेली नाही. या दहा हजारांतलीही बरीचशी रक्कम बॅकअपची हार्ड डिस्क आणि दोन-तीन परीक्षांच्या फीमध्ये जाते. प्रत्यक्ष शिकण्यासाठी लागणारे बहुतेक सगळे तुमच्या विद्यापीठाने किंवा सरकारने आधीच विकत घेऊन ठेवलेले असते. ते कुठे आहे हे कोणी सांगत नाही, म्हणून माणूस बाहेर पैसे मोजतो.

पहिले काम: एक पान

कोर्सवर्क सुरू होण्याआधी एक पान लिहा. तीन वर्षांत कोणती कौशल्ये लागणार, कुठल्या सत्रात शिकणार, कुठे, किती रुपयांत आणि पैसे कोण देणार. पाच रकाने पुरे. सहा-सातपेक्षा जास्त गोष्टी लिहू नका, त्या होत नाहीत. विषयाची पद्धत आणि तिचे सॉफ्टवेअर, लेखन, संदर्भ सांभाळणे, मंचावर बोलणे, शिकवणे. आणि विषयाला लागत असेल तर एखादी भाषा किंवा लिपी.

हे पान गाइडना दाखवा आणि संशोधन सल्लागार समितीपुढे ठेवा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे तुम्हाला दर सत्रात या समितीपुढे उभे राहून प्रगती सांगायचीच असते. त्याच बैठकीच्या इतिवृत्तात तुमच्या प्रशिक्षणाचा उल्लेख करून घ्या आणि प्रत फाइलला लावा. पुढे फेलोशिपच्या कंटिंजन्सीतून पैसे मागताना, नोकरीवरून रजा मागताना किंवा प्रवास अनुदानाचा अर्ज भरताना हाच कागद पुढे करता येतो. तोंडी होकाराचा तिथे उपयोग होत नाही.

वेळेचाही अंदाज घ्या. पीएच.डी. कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची. पुनर्नोंदणी करून आणखी जास्तीत जास्त दोन वर्षे मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यापुढे आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. अनेकींना हे व्हायवाच्या तोंडावर कळते, तुम्ही आजच लिहून ठेवा.

जे तुम्हाला फुकट मिळायलाच हवे

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे असते आणि त्यात ५५ टक्के गुण लागतात. संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा अभ्यासक्रम त्यात असायलाच हवा. तुम्ही भरलेल्या फीमध्ये तो धरलेला आहे. हाच विषय बाहेर ‘प्रमाणपत्रासह’ विकत मिळतो, घेऊ नका. तुमच्या संशोधन केंद्रात तो शिकवला जात नसेल तर विभागप्रमुखांना लेखी विचारा.

शिकवण्याचेही तसेच. अध्यापन आणि लेखनाचे प्रशिक्षण प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला मिळावे, असे नियम सांगतात. आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरिअल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचे काम तुम्हाला देता येते. ते मागून घ्या आणि तासांची नोंद विभागप्रमुखांच्या सहीने ठेवा. मात्र मर्यादाही लक्षात असू द्या. आठवड्याला बारा-पंधरा तास पेपर तपासायला लावत असतील, तर ते प्रशिक्षण राहत नाही.

पेपर वाचण्यासाठी पैसे देऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात आहे का आणि घरून लॉगिन कसे करायचे, हे ग्रंथपालांना विचारा. मराठी, हिंदी, इंग्रजीतले जुने प्रबंध शोधगंगेवर फुकट वाचता येतात. मंजूर झालेल्या सिनॉप्सिस शोधगंगोत्रीवर असतात. स्वतःचा विषय आधी कोणी केला आहे का, हे पाहायला दुसऱ्या कुणाला पैसे देण्याचे कारणच नाही.

सॉफ्टवेअरसाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्यूटोरिअल’ प्रकल्प पाहा. लेटेक, आर, पायथन, लिबरऑफिस यांचे छोटे छोटे धडे, अनेकांचे मराठी निवेदनही आहे. इंग्रजी व्हिडिओला दचकणाऱ्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. संदर्भ सांभाळायला झोटेरो. तो फुकट आहे, फक्त ३०० एमबीनंतरच्या ऑनलाइन साठवणुकीला पैसे पडतात. पीडीएफ स्वतःच्या डिस्कवर ठेवल्या तर तेही वाचतात. आकडेवारीसाठी आर, जामोव्ही किंवा जास्प, नकाशांसाठी क्यूजीआयएस. हे सगळे फुकट. ‘एसपीएसएसच हवे’ असे कोणी म्हणाले, तर विद्यापीठाच्या संगणक केंद्रात त्याचे परवाने आहेत का ते आधी पाहा. चोरीची प्रत पेनड्राइव्हवरून घेऊ नका, कारण पुढे पेपरमध्ये सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती लिहावी लागते.

झोटेरो मात्र पहिल्याच महिन्यात सुरू करा. तिसऱ्या वर्षी ४०० संदर्भ हाताने लावणारे लोक पाहिले आहेत. दोन-तीन महिने त्यातच जातात, आणि शेवटी टायपिंगवाल्याला ‘संदर्भसूची जुळवणी’चे वेगळे पैसे द्यावे लागतात.

जिथे थोडे पैसे द्यावेत

स्वयम् आणि एनपीटीईएलचे अभ्यासक्रम शिकायला फुकट आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी. एनपीटीईएलची ती एका विषयाला १,००० रुपयांच्या आसपास असते, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग विद्यार्थ्यांना निम्मी सवलत. सत्रे दोन, जानेवारी आणि जुलै. अभ्यासक्रम ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. गुणांत २५ टक्के गृहपाठ आणि ७५ टक्के परीक्षा. गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळाले तरच प्रमाणपत्र. गृहपाठाच्या तारखा चुकवल्या की परीक्षेची फी वाया जाते, दरवर्षी कितीतरी जणांचे हेच होते. हे क्रेडिट कोर्सवर्कमध्ये धरले जावे अशी इच्छा असेल, तर नाव नोंदवण्याआधी विद्यापीठाची लेखी परवानगी घ्या. नंतर मागितलेली परवानगी बहुधा मिळत नाही. पहिल्या वर्षी एकच अभ्यासक्रम परीक्षेसह करा, बाकीचे नुसते ऐका.

नेट किंवा सेट झालेली नसेल तर ती याच वर्षी द्या. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. नेटची फी खुल्या गटाला १,१५०, ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकाला ६००, अनुसूचित जाती-जमाती व अपंगांना ३२५ रुपये. महाराष्ट्र-गोव्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. मागच्या जाहिरातींत तिची फी खुल्या गटाला ८०० आणि राखीव गटांना ६५० रुपये होती. सेटचे प्रमाणपत्र महाराष्ट्र आणि गोव्यातल्या संस्थांपुरते चालते. बाहेरच्या राज्यात जायचे मनात असेल तर नेटच द्या. जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राच्या तारखा अर्ज भरण्याच्या आधीच तपासा.

सामाजिक शास्त्रांतल्यांनी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएसएसआर) संशोधन पद्धती कार्यशाळांवर नजर ठेवा. त्या साधारण दहा दिवसांच्या असतात आणि परिषदेच्या अनुदानावर विद्यापीठे-महाविद्यालये घेतात. निवड अर्जावरून होते, गाइडचे शिफारसपत्र लागते. आयसीएसएसआरचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे. खासगी सात दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेपेक्षा या दहा दिवसांत जास्त पदरी पडते, कारण तुमचा स्वतःचा आराखडा तिथे इतरांसमोर तपासला जातो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनो, मोडी पहिल्याच वर्षी शिका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ वर्ग घेते, राज्याचे पुराभिलेख संचालनालयही प्रशिक्षण देते. वाचून देणाऱ्याला पानामागे पैसे देत बसलात तर खर्च वाढत जातो, आणि वाचन बरोबर आहे की नाही हे तुम्हाला कळतही नाही. जर्मन, फ्रेंच वगैरे भाषांसाठी पुण्यात विद्यापीठाचाच विदेशी भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. खासगी क्लासच्या आधी तिथे चौकशी करा.

बोलण्याच्या सरावासाठी ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’च्या क्लासला पंधरा-वीस हजार देऊ नका. राज्यातल्या विद्यापीठांमध्ये दरवर्षी ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा होते. आधी महाविद्यालय आणि जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य. पोस्टर असते, मंचावरचे सादरीकरण असते आणि परीक्षक प्रश्न विचारतात. पोस्टर छपाईचे काय ते पैसे. विज्ञान सोप्या मराठीत लिहायचे असेल तर चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेचे चार अंक वाचा आणि लेख पाठवा. लेखनाची एवढी चांगली परीक्षा दुसरीकडे पैसे भरूनही मिळत नाही.

नावाचा घोळ आताच मिटवा

यात रुपयाही लागत नाही, पण नंतर महाग पडते. तुमच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर वेगळा क्रम, आधारवर मधले नाव गायब, आणि लग्नानंतर नाव बदलले असेल तर पॅनवर चौथेच. पेपर कोणत्या नावाने छापणार ते एकदा ठरवा आणि त्याच नावाने ऑर्किड हा संशोधक-ओळख क्रमांक काढा. तो फुकट मिळतो. फेलोशिपसाठी बँक खाते, आधार आणि नोंदणीपत्रावरचे नाव जुळायला हवे. नाही जुळले की रक्कम अडकते, आणि दोन-दोन महिने चकरा होतात.

पासपोर्टही याच कागदांवर काढून ठेवा. ३६ पानी, १,५०० रुपये, मुदत दहा वर्षे. परिषदेचे निमंत्रण आल्यावर तत्काळ काढाल तर २,००० रुपये जास्त.

पैसे कोण देतो

जेआरएफ असेल तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफला ४२,०००. त्याशिवाय कंटिंजन्सी. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये मानव्यविद्यांना पहिली दोन वर्षे वर्षाला १०,००० आणि नंतर २०,५००. विज्ञानाला आधी १२,००० आणि नंतर २५,०००. पुस्तके, झेरॉक्स, क्षेत्रभेट, संशोधनाशी संबंधित प्रशिक्षण यांसाठी ही रक्कम आहे. यात काय चालते ते खर्च करण्याआधी विद्यापीठाच्या हिशेब विभागात विचारा. बिल तुमच्या नावाचे, तारखेसह आणि जीएसटी क्रमांकाचे घ्या, त्यावर गाइडची सही लगेच घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी जाहिरात आली की मुदतीची वाट पाहू नका. नोंदणीपत्र, प्रवेशाची पावती, गाइडचे आणि संशोधन केंद्राचे पत्र, जातीचे व उत्पन्नाचे दाखले एकाच फाइलमध्ये स्कॅन करून तयार ठेवा. आणि एक कळकळीची विनंती: फेलोशिप मंजूर झाली म्हणून लॅपटॉप हप्त्यावर घेऊ नका. रक्कम महिनोन् महिने अडकते, हप्ता अडकत नाही. पहिले पैसे खात्यात जमा होऊ द्या.

नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करत असाल तर संस्थेचे ना-हरकत पत्र तुमच्याकडे असेलच. कार्यशाळांसाठी ऑन-ड्यूटी रजा मिळेल का, हे त्याच पत्रात लिहून घेता आले तर पाहा.

इथे पैसे बुडतात

सगळ्यात मोठा खड्डा पेपरचा आहे. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने ती ठेवली आहे का, ते विद्यापीठाच्या नियमावलीत पाहा, सीनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका. यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. आता ‘केअर लिस्टेड’ म्हणून फी मागणारा नियतकालिकवाला तुम्हाला बंद पडलेल्या दुकानाची पावती देतो आहे.

नियतकालिक तपासायला पंधरा मिनिटे लागतात. स्कोपसच्या स्रोतयादीत, वेब ऑफ सायन्सच्या मास्टर यादीत आणि डीओएजेवर नाव शोधा. तिन्ही फुकट पाहता येतात. तिथे दिलेल्या वेबपत्त्यावरूनच नियतकालिकावर जा, कारण चांगल्या नावाची हुबेहूब बनावट संकेतस्थळे आहेत. आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जा नव्हे, तो कोणत्याही नियतकालिकाला मिळतो. ४८ तासांत स्वीकृती मिळाली तर पेपर कोणी वाचलेलाच नाही. अशा ठिकाणी दिलेले दोन-तीन हजार तर जातातच, शिवाय पेपरही जातो, कारण एकदा छापलेला मजकूर दुसरीकडे देता येत नाही.

परदेशी प्रकाशकाला फी भरताना छापील आकड्यावर थांबू नका. त्यावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, कार्डाचे परकीय चलनाचे शुल्क साधारण २ ते साडेतीन टक्के, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. माफी किंवा सवलत हवी असेल तर पेपर पाठवतानाच मागा. स्वीकारल्यानंतर सहसा कोणी ऐकत नाही.

प्लेजरिझमचा खासगी रिपोर्ट हा दुसरा खड्डा. विद्यापीठांना यासाठीचे सॉफ्टवेअर इन्फ्लिबनेटच्या शोधशुद्धी योजनेतून मिळते, तपासणी ग्रंथालयातून किंवा गाइडच्या लॉगिनवरून होते. बाहेर ३०० रुपयांत तपासून देणारा कुणाच्या तरी खात्यावरून तुमची फाइल चढवतो. ती तिथल्या साठ्यात राहिली, तर विद्यापीठाच्या तपासणीत तुमचाच प्रबंध तुमच्याच प्रबंधाशी ९० टक्के जुळलेला दिसू शकतो. हे निस्तरणे फार अवघड जाते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणी रद्द. शब्द फिरवून टक्का कमी करून देणाऱ्यांपासून लांब राहा. व्हायवाला प्रश्न तुम्हालाच विचारले जातात.

प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, रोज अर्धा तास दिला तर महिन्या-दीड महिन्यात हात बसतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर शोधता येत नाही, तपासणीच्या सॉफ्टवेअरलाही नीट वाचता येत नाही, आणि मग युनिकोड करून घ्यायचे, बिघडलेली जोडाक्षरे दुरुस्त करायचे वेगळे पैसे. पानाला ३० रुपये धरले तरी ३०० पानांचे ९,००० होतात, दुरुस्तीच्या फेऱ्या वेगळ्या. हे नऊ हजार पूर्ण वाचवता येतात.

पेटंटमध्ये किंवा डिझाइन नोंदणीत ‘सहसंशोधक’ म्हणून नाव विकत घ्या, असे संदेशही येतील. घेऊ नका. खरोखर काही शोधले असेल तर व्यक्तीसाठी तात्पुरत्या पेटंट अर्जाची ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, आणि विद्यापीठाचा बौद्धिक संपदा कक्ष त्यात मदत करतो.

परदेशी परिषद पहिल्या वर्षी नकोच. मांडायला हाती काही नसते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जाल तेव्हा एएनआरएफ, सीएसआयआर, आयसीएसएसआर यांच्या अनुदानांचे नियम तिकीट काढण्याआधी वाचा. सरकारी पैशांवरचा विमानप्रवास बहुधा बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसीकडूनच काढावा लागतो. स्वस्त दिसले म्हणून दुसरीकडून काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. बोर्डिंग पास जपून ठेवा. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, त्यावर व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क आणि किमान ३०,००० युरोंचे विमा संरक्षण. नोंदणी फीचा आकडा पाहून खर्चाचा अंदाज बांधू नका, हे सगळे त्याच्या वर असते.

आता या आठवड्यात तीन कामे करा: ग्रंथालयात जाऊन घरून वापरण्याचे लॉगिन घ्या, झोटेरो बसवा आणि ते एक पान लिहून गाइडची वेळ मागा. दरम्यान कोणी ‘आज शेवटची तारीख’ म्हणून क्यूआर कोड पाठवला, तर पैसे देण्याआधी तोच संदेश ग्रंथपालांना दाखवा. त्यांना विचारायला फी पडत नाही.